युद्धचित्रांतली भुकेची पाने

युद्धविषयक मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरले की भिंतीवरची नावे बहुधा ठरलेली असतात: झाक कालो, फ्रान्सिस्को गोया, केटे कोल्विट्स, ओटो डिक्स. चौघांच्या थोरवीबद्दल वाद नाही. माझा आक्षेप चित्रांच्या निवडीला आहे. मोठमोठ्या मालिकांतून फाशी, तुटलेली धडे आणि चिखलातली प्रेते तेवढी वेचून टांगली जातात, वर ‘युद्धविरोधी कला’ अशी पाटी लागते. युद्ध म्हणजे रणांगण, हा सेनापतींच्या चरित्रांतला समजच त्यातून पक्का होतो.

कालोच्या युद्धमालिकेतली १८ एचिंग १६३३ साली पॅरिसला प्रसिद्ध झाली. प्रत्येक चित्र वीतभरही रुंद नाही, पण त्यात माणसांची झुंबड आहे. झाडाला लटकलेल्या प्रेतांचे चित्र सर्वत्र छापले जाते. मात्र ते फासावर गेलेले लोक लूटमार करणारे सैनिक आहेत, आणि मालिकेच्या शेवटच्या पानावर राजा शूरांना बक्षिसे देतो आहे. कालोचा राग शिस्त सोडलेल्या फौजेवर दिसतो. राजाच्या युद्ध करण्याच्या हक्कावर नाही. शेवटचे पान वगळले की कालो आपल्या सोयीचा होतो, एवढेच.

गोयाच्या बाबतीत ही काटछाट जास्त खुपते. ‘युद्धाचे अनर्थ’ ही मालिका त्याने १८१० ते १८२० या काळात कोरली. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या होत्या आणि तांब्याच्या पत्र्याचीही इतकी टंचाई होती की त्याने आपल्याच दोन निसर्गचित्रांचे पत्रे कापून त्यांच्या पाठीवर काम केले. झाडाच्या फांद्यांना अडकवलेली धडे याच मालिकेतली. प्रदर्शनांत आणि पुस्तकांत हमखास भेटतात तीच. पण ४८ ते ६४ या पानांवर तोफ नाही, लढाई नाही. तिथे १८११-१२ चा माद्रिदचा दुष्काळ आहे: रस्त्याकडेला कोसळलेली कुटुंबे, प्रेते वाहून नेणारी गाडी आणि ६१ व्या पानावर उपाशी घोळक्याकडे निर्विकारपणे पाहणारे, उत्तम कपडे घातलेले लोक. त्यांना पाहण्यासाठी फ्रेंच सैनिकाची गरजच नाही. धान्य कोणाच्या घरात पोचले आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न गोया स्वतःच्या शहराला विचारतो आहे. त्यापुढच्या पानांत तर पाद्री आणि परतलेली राजसत्ता त्याच्या तडाख्यात सापडतात. ही मालिका गोयाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. तो १८२८ मध्ये गेला. सॅन फर्नांडो अकादमीने ८० चित्रे छापली ती १८६३ मध्ये. ती आवृत्तीही जाड शाईने काढलेली. गोयाने स्वतः काढलेल्या कच्च्या ठशांतला कागदाचा कोरा, निष्ठुर उजेड तिच्यात झाकोळला आहे. प्रदर्शनात आपल्यासमोर कोणता ठसा आहे, हे म्हणूनच पाटीवर ठळक लिहायला हवे.

डिक्स पहिल्या महायुद्धात स्वतः मशीनगनवर होता. १९२४ च्या ‘युद्ध’ मालिकेतल्या ५० एचिंगमध्ये आम्लाने पत्रा असा खाल्ला आहे की कागदावरचे मांसही कुजल्यासारखे दिसते. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले. तरीही त्याचे १९२० चे, अपंग सैनिक रस्त्याने चालले आहेत असे ड्रायपॉइंट मला अधिक धारदार वाटते. कृत्रिम पाय आणि चाकाची खुर्ची घेऊन ती मिरवणूक चपलांच्या दुकानावरून जाते. खंदक संपले तरी हिशेब संपलेला नाही.

कोल्विट्सच्या युद्धावरच्या वुडकट मालिकेत रणांगण नाहीच. धाकटा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत तिने सात वुडकट पूर्ण केले: विधवा, आईबाप, मुलांना कवेत घेऊन उभ्या आया. शत्रू कोणत्याच पानावर नाही. तिच्या विणकरांच्या मालिकेला १८९८ मध्ये पदक देण्याची शिफारस झाली, तेव्हा कैसरने ती फेटाळली होती. गरिबांच्या घरातली भूक आणि सरकारी युद्ध यांचा संबंध तिला आधीपासून ठाऊक होता, म्हणून या चौघांत मी तिला पहिला मान देईन.

हा धागा आपल्यापर्यंत येतो. १९४३ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. चित्रकार चित्तोप्रसाद बंगालमधल्या मेदिनीपूरच्या गावांतून फिरले, शाईने चित्रे काढली, आणि त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे ते मुंबईत आले, अंधेरीत राहिले आणि स्वस्त लिनोलियमवर कष्टकरी माणसे व राबणारी मुले कोरत राहिले. या शहराने त्यांना अजून पुरेसे पाहिलेले नाही.

असे प्रदर्शन मुंबई-पुण्यात आणू पाहणाऱ्यांना म्हणून एकच सांगणे आहे. गोयाची ४८ ते ६४ ही पाने सलग लावा, आणि त्यांना लागून चित्तोप्रसादांना पूर्ण भिंत द्या.