समोच्चरेषा आणि जुने जलमार्ग

जुन्या नळांचा माग काढतांना मोजणीखात्याच्या नकाशांतील समोच्चरेषांचा, म्हणजे कंटूरांचा, आधार घेण्याची पद्धत अभ्यासकांत रूढ झाली आहे. पद्धत स्तुत्य खरी; परंतु तीवरून काढलेलीं अनुमानें पुष्कळदां नकाशाच्या ऐपतीबाहेरचीं असतात, आणि त्यांच्या जोरावर अस्सल कागदही खोटा ठरविला जाण्याची भीति असते. म्हणून या साधनाची मर्यादा सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

समोच्चरेषा सारख्या उंचीचीं स्थळें जोडते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत डोंगराळ मुलखांत लागोपाठच्या दोन रेषांच्या उंचींत बहुधा २० मीटरांचा फरक असतो. ५६० व ५८० या रेषा कागदावर २० मिलिमीटर दूर असून एखादा हौद खालच्या रेषेपासून ४ मिलिमीटरांवर पडला, तर त्रैराशिकानें त्याची उंची ५६४ मीटर येते. परंतु मधली जमीन एकसारखी चढती आहे, हें येथें केवळ गृहीत धरलेलें असतें. अमेरिकेंतील १९४७ च्या नियमानें तपासलेल्या शंभरांपैकीं नव्वद स्थळांची चूक रेषांतराच्या निम्म्याहून अधिक नसावी. म्हणजे तेवढ्या कसोटीच्या नकाशांतही येथें १० मीटरांची चूक क्षम्य ठरेल. आतां फ्रान्समधील नीम शहराचा रोमन जलमार्ग पाहा. लांबी सुमारे ५० किलोमीटर, एकंदर उतार साडेबारा मीटरांच्या आसपास! असा उतार या रेषांनीं मोजणार कसा?

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजहून पुण्यास आणलेला नळ जमिनीखालून जातो. रेषा जमिनीचा माथा सांगतात. पाणी मात्र नळाच्या तळानें चालतें. उच्छ्वासांची खोली वजा केल्यावांचून मांडलेला उतार जमिनीचा, नळाचा नव्हे. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, निराळाच प्रकार आहे. तेथील पाणचक्कीसारख्या ठिकाणीं बंद नळांतील पाणी दाबानें वर चढविलेलें आहे. उगमाची पातळी पुरेशी उंच असेल तर असें पाणी सखल जागा ओलांडून पलीकडे चढतें. तेव्हां वाटेंत चढ दिसला, एवढ्यावरून कागदांतील मार्ग अशक्य म्हणतां येत नाहीं.

फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकन अंतराळयानांतून झालेल्या रडारमोजणीवरून हल्लीं पांच पांच मीटरांच्या रेषा यंत्रानें काढितात. रेषा दाट केल्यानें मूळ मोजणी सूक्ष्म होत नाहीं; शिवाय तींत झाडांची व इमारतींची उंची मिसळलेली असते.

मग समोच्चरेषा टाकाऊ काय? मुळींच नाहीं. पाणलोटाची सीमा, ओढ्यांची दिशा, कोणत्या खोऱ्याचें पाणी कोठें वाहतें, हें त्या उत्तम सांगतात. शोधाचें क्षेत्र त्यांनीं आंखावें. निर्णय मात्र ज्ञात उंचीच्या खुणेपासून प्रत्येक उच्छ्वासाच्या तळापर्यंत लेव्हल घेऊनच करावा, आणि मगच दफ्तरांतील खर्चाचे व दुरुस्तीचे कागद त्याशीं ताडून पाहावे.

संग्राहकांस एक विनंति. जुना नकाशा कापडावर चढवितांना त्याचा समास कापूं नये. मोजणीचें वर्ष, रेषांतर, आणि उंची फुटांत कीं मीटरांत, हें सर्व तेथेंच छापलेलें असतें. समास गेला कीं रेषांवरील आंकडे मुके होतात.