चित्रपटाची चौकट आणि पाठशुद्धी

प्राचीन ग्रंथाचा विचार करावयाचा झाला, म्हणजे हाती असलेली प्रत कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच जाणिवेने. चित्रपटाच्या समीक्षेत मात्र हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. गेल्या चाळीसएक वर्षांत जुन्या चित्रपटांशी बहुतेकांचा परिचय झाला तो घरच्या पडद्यावर : प्रथम दूरचित्रवाणी व व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी, आणि आता संगणक. या माध्यमांनी चित्राची चौकट पुष्कळदा आपल्या सोयीने बदलली. हा बदल केवळ तांत्रिक नव्हे. तो कलाकृतीच्या आशयापर्यंत जाऊन भिडतो.

गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा सिनेमास्कोपमध्ये निघालेला पहिला भारतीय चित्रपट. त्याच्या चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट, जुन्या दूरचित्रवाणी संचाची अवघी १.३३ पट. उंची कायम ठेवून हे चित्र त्या संचावर भरावयाचे, तर रुंदीचा दोन पंचमांशाहून अधिक भाग गमवावा लागतो. रिकाम्या स्टुडिओतील तो सुप्रसिद्ध गीतप्रसंग आठवावा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी वरून तिरकस सोडलेला प्रकाशाचा झोत, आणि त्या विस्तीर्ण अंधारात एकमेकांपासून दूर उभे असलेले सुरेश सिन्हा व शांती. या प्रसंगाचा आशय दोघांच्या मुद्रांवर जितका आहे, तितकाच त्यांच्यामधील मोकळ्या जागेत आहे. कापलेल्या प्रतीत ती जागाच नाहीशी होते. मग दोघांपैकी एकजणच दिसतो, किंवा चित्र एकाकडून दुसऱ्याकडे सरकविले जाते. एका चौकटीत धरलेला विरह असा दोन तुकड्यांत मोडतो. अशी प्रत पाहून जो या चित्रपटाला निव्वळ भावविवश ठरवितो, तो चित्रपटाचे नव्हे, प्रतीचे मूल्यमापन करीत असतो.

याउलट दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) गोष्ट. त्याची चौकट चौरसाकडे झुकणारी. आजच्या संचाची रुंदी मात्र उंचीच्या १.७८ पट. सारा पडदा भरण्याच्या हव्यासापायी वरखाली छाटले, तर सुमारे पावभाग चित्र जाते. ताणले, तर माणसे बुटकी व स्थूल दिसतात. अखेरीस तुकोबांचे विमान आकाशात चढते आणि जिजाई भूमीवरच राहते. त्या प्रसंगाचा सारा भाव खालून वर जाणाऱ्या नजरेत साठविलेला आहे. तेथे आकाश छाटणे म्हणजे वैकुंठाची वाटच अडविणे होय.

परंतु ‘जितके अधिक चित्र, तितकी शुद्ध प्रत’ असाही नियम करता येणार नाही. ‘शोले’ (१९७५) चित्रित झाला तो साध्या ३५ मिलिमीटर पट्टीवर. पुढे त्याच्या वरच्या व खालच्या भागास कात्री लावून ७० मिलिमीटरची २.२ पट रुंद चौकट सिद्ध करण्यात आली. तेथे छाटणी ही निर्मितीचाच भाग होती. म्हणून प्रमाण मानावयाचे ते निगेटिव्हवर किती उमटले याला नव्हे, तर प्रेक्षकाने काय पाहावे म्हणून कलावंताने जे निश्चित केले, त्याला.

घरगुती प्रतींना तुच्छ लेखण्याचा येथे हेतू नाही. त्या नसत्या, तर कित्येक रसिकांना हे चित्रपट केवळ नावानेच ठाऊक राहिले असते. मूळ प्रमाण राखणाऱ्या प्रतीत कडेला काळ्या पट्ट्या दिसतात, त्यांविषयी अनेकांची तक्रार असते. पण पोथीचा समास कोरा आहे म्हणून कोणी ओव्या ओढून लांब करीत नाही. समीक्षकाने निदान एवढे करावे : आपण चित्रपट कोणत्या प्रतीत आणि कोणत्या प्रमाणात पाहिला, हे प्रारंभीच नमूद करावे. पाठ निश्चित झाल्यावाचून केलेला अर्थनिर्णय कितीही रसाळ असला, तरी तो अधांतरीच राहणार.