भय आणि भयाचे रूप : पिकासोचे एक आत्मचित्र

पाब्लो पिकासोने ३० जून १९७२ रोजी रंगीत खडूंनी कागदावर काढलेले आत्मचित्र ‘मृत्यूला सामोरे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या आजवरच्या आस्वादाची गोम या नावातच आहे. चित्रकार तेव्हा नव्वद वर्षांचा होता आणि ८ एप्रिल १९७३ रोजी तो निवर्तला, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मग चित्रातील डोळ्यांत मरणभय दिसू लागते. नऊ महिन्यांनंतरची घटना चित्राचा आशय ठरते. साहित्याच्या वर्गात चरित्रशरण वाचन म्हणून ज्याचा आपण निषेध करतो, तेच येथे रसिकता म्हणून वावरते.

पिकासोचे स्नेही व चरित्रकार प्येर दे यांनी नोंदविलेला प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. पिकासोने हे चित्र त्यांना दाखविताना ते स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरले. कागदावरचे भय हे रचलेले आहे, हे त्यातून सुचविले. एकाच क्षणी दोन चेहरे समोर होते आणि त्यांतला एकच भ्यालेला होता. आत्मचरित्रातील ‘मी’ आणि ते लिहिणारा ‘मी’ यांतील अंतर समजावताना आपण पानेच्या पाने खर्ची घालतो. पिकासोला हात उचलणे पुरले.

हे भय रचले कसे गेले? अरुंद खांद्यांवर कवटीसारखे भले मोठे डोके, गालाहनुवटीवर खुरटलेल्या दाढीचे तुटक फटकारे, घट्ट मिटलेले तोंड. बुबुळे लहानमोठी आहेत, त्यामुळे नजर एका ठिकाणी ठरत नाही. खडू घासला जातो तसा कागदाचा पोत रंगातून डोकावतो. ओल्या रंगासारखी सारवासारव तेथे संभवत नाही, दाबलेली रेषा दाबलेलीच राहते. चेहऱ्यावर पसरलेला हिरवट निळा आणि त्याला छेदणाऱ्या जांभळट रेषा यांचे नाते मर्ढेकरांच्या परिभाषेत विरोधलयीचे म्हणावे लागेल. (‘आत्मनिष्ठे’कडून लयतत्त्वाकडे गेलेल्या मर्ढेकरांची ही दुसरी भूमिकाच येथे अधिक उपयोगी पडते, मराठी समीक्षेने मात्र पहिलीच सोयीस्करपणे ‘प्रामाणिकपणा’ या शब्दात मुरवून घेतली.) शिवाय हे विस्फारलेले डोळे काही मरणाच्या दारात अवतरलेले नाहीत. प्राग येथील १९०७च्या आत्मचित्रात पंचविशीतला पिकासो असेच डोळे घेऊन बसला आहे. त्यामागे इबेरियन शिल्पांचा अभ्यास होता, मृत्यूचा नव्हे.

म्हणून हे निव्वळ सोंग म्हणायचे काय? प्रस्तुत लेखकाला तसे म्हणवत नाही. सोंग एकदा वठले की ते उतरवता येते. सुमारे तीन महिन्यांनी दे पुन्हा गेले, तेव्हा त्यांना त्या चित्रातील रंगरेषा अधिक कठोर, अधिक खोल झालेल्या दिसल्या. दे यांनी यातून पिकासो मृत्यूकडे थेट पाहत असल्याचा अर्थ घेतला. तो घेण्याची घाई करू नये, परंतु रेषा खोल झाल्या ही गोष्ट उरतेच. शेजारी धरून ज्या चेहऱ्याशी आपला संबंध नाही असे दाखविले, त्याच चेहऱ्याकडे हाताला परतावे लागले.