पाळण्याची दोरी आणि परका हात

रात्रीची वेळ. घरातली सगळी झोपलेली. आया पाळण्यातल्या तान्ह्या बाळाला उचलून खुर्चीत बसते आणि त्याला अंगावर पाजू लागते. बाळ तिचं नाही, खरी आई त्याच घरात झोपलेली आहे. पुढे ते बाळ आईचं दूध घेईनासं होतं आणि आईला वाटत राहतं, आपल्यातच काही कमी आहे. कर्टिस हॅन्सन यांच्या ‘द हँड दॅट रॉक्स द क्रेडल’ (१९९२) या चित्रपटातला हा प्रसंग. पुढे त्यात खून होतो, काचेचं छप्पर कोसळतं, पोटमाळ्यावर झटापट होते. पण आजही अंगावर काटा येतो तो त्या दूध पाजण्याने. तिथे माया आणि हिंसा वेगळ्या काढताच येत नाहीत.

घरात राहायला आलेली आया, नर्स किंवा मोलकरीण हळूहळू घरच गिळून टाकते, या कल्पनेवरचे थरारपट आणि कादंबऱ्या सध्या पुन्हा जोरात आहेत. फ्रीडा मॅकफॅडन यांची ‘द हाउसमेड’ ही २०२२ची कादंबरी जगभर खपली आणि डिसेंबर २०२५मध्ये पडद्यावर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅन्सन यांच्या चित्रपटाची नवी आवृत्तीही आली. मागणी भरपूर आहे. प्रश्न आहे तो या प्रकारात जीव किती उरला आहे याचा.

हॅन्सन यांच्या चित्रपटाच्या नावामागची इंग्रजी म्हण सांगते, की पाळणा हलवणारा हात जगावर राज्य करतो. मराठीत येताना ती बदलली. आपल्याकडे पाळण्याची दोरी धरणारी जगाचा उद्धार करते. सेवा करणाऱ्या बाईकडे पाहण्याच्या दोन नजरा ‘राज्य’ आणि ‘उद्धार’ या दोन शब्दांत आहेत. एका नजरेला ती राज्य बळकावणारी वाटते, दुसरीला देवी वाटते. पण तिचा स्वतःचा पाळणा कुठे आहे आणि तो कोण हलवतं, हे दोन्ही म्हणी विचारत नाहीत. माझ्या मते या प्रकारातल्या कलाकृतींची खरी परीक्षा या एका प्रश्नावर होते.

या भीतीचं मूळ साधं आहे. चोर कुलूप फोडून येतो, आया मात्र बेल वाजवून येते आणि दार आपण उघडतो. किल्ली आपण देतो, औषधांचा डबा आपण दाखवतो, मूल आपण तिच्या कडेवर ठेवतो. हॅन्सन यांची आया पेटन बाहेरून फारसं काही आणत नाही. घरात जे आहे तेच ती वापरते: आईचा दमा, नवऱ्याची जुनी मैत्रीण, कुंपण घालायला येणाऱ्या मतिमंद सॉलोमनविषयी मनात दडलेला संशय. लहान मुलीचे कपडे त्याच्या सामानात लपवणं एवढंच तिला करावं लागतं. पुढचं काम त्या सुशिक्षित, सज्जन कुटुंबाचा पूर्वग्रह करतो. पेटननेही मूल गमावलं आहे, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. पण ते दुःख सूडाचं कारण म्हणून नोंदवून तो पुढे निघतो आणि शेवटी तिला खिडकीतून खाली पाडून कुटुंब पुन्हा शुद्ध करून घेतो. उत्तम बांधणीचा हा चित्रपट तिथे छोटा होतो.

त्याच्या बत्तीस वर्षं आधी कोरियात किम की-यंग यांनी ‘हान्यो’ (१९६०), म्हणजे ‘मोलकरीण’, हा चित्रपट केला. पियानो शिकवणारा नवरा, शिलाई मशीनवर राबून नवं दुमजली घर उभं करणारी बायको, दोन मुलं. बायको गरोदर, थकलेली, म्हणून मोलकरीण ठेवली जाते. स्वयंपाकघरात उंदीर निघतो. कपाटात उंदरांचं औषध असतं. पुढे सबंध चित्रपटात कुणी कुणाला पाण्याचा पेला दिला, की आपला श्वास अडकतो. मालकापासून मोलकरणीला दिवस जातात. मालकीण तिला समजावते आणि ती जिन्यावरून स्वतःला खाली झोकून देते. तिचं मूल जातं. काही दिवसांनी त्याच घरात मालकिणीचं बाळ रडू लागतं. मोलकरीण भयंकर होते ती इथून पुढे. दुमजली घराच्या अब्रूसाठी तिचा पाळणा रिकामा केला गेला, आणि तो रिकामा पाळणा किम की-यंग आपल्याला विसरू देत नाहीत. बाँग जून-हो यांनी ‘पॅरासाइट’च्या (२०१९) संदर्भात या चित्रपटाचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. तिथलं ते वरखाली करणारं घर आणि ते जिने पाहिले की वंशावळ लक्षात येते.

फ्रान्समध्ये हा प्रकार साहित्याच्या उंचीला गेला. क्लोद शाब्रोल यांचा ‘ला सेरेमनी’ (१९९५) रूथ रेंडेल यांच्या १९७७च्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेला आहे. ती कादंबरी पहिल्याच वाक्यात खुनी कोण आणि खून का झाला, दोन्ही सांगून टाकते. कारण असं, की घरकाम करणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. चित्रपटात मालकीण सामानाची चिठ्ठी लिहून ठेवते आणि मोलकरीण सोफी त्या चिठ्ठीकडे बघत बसते. हातात चार ओळींचा कागद, चेहऱ्यावर जनावराची भीती. मालक मंडळी वाईट नाहीत, चष्मा करून देण्याइतकी तर दयाळूच आहेत. पण तिला वाचता येत नसेल हे बराच काळ त्यांच्या मनातही येत नाही. घरात माणूस राहतं आहे आणि घराला त्याची ओळखच नाही, एवढ्यावर शाब्रोल सारा थरार उभा करतात.

लैला स्लिमानी यांची ‘शांसों दूस’ (म्हणजे गोड अंगाई) ही कादंबरी याच वाटेने जाते. तिला २०१६चा गोन्कूर पुरस्कार मिळाला. मुलं मारली गेली आहेत हे पहिल्याच पानावर कळतं, त्यामुळे काय होणार याची उत्सुकता संपते आणि लक्ष सगळं लुईझ या आयेच्या दिवसाकडे वळतं. ती घर चकाचक ठेवते, पाहुण्यांसाठी रांधते, सगळ्यांना हवीहवीशी होते. एका संध्याकाळी मालकीण मिरियम घरी येते, तर टेबलावर कोंबडीचा सांगाडा. सकाळी तिनेच शिळी म्हणून ती कोंबडी कचऱ्यात टाकली होती. लुईझने ती बाहेर काढली, मुलांना खाऊ घातली आणि उरलेली हाडं धुऊन, चकचकीत करून मांडून ठेवली. चाकू नाही, रक्त नाही. अन्न टाकणारं घर आणि अन्न टाकणं न सोसणारी बाई यांच्यामधलं अंतर त्या हाडांत आहे. लुईझच्या डोक्यावर कर्ज आहे, शहराबाहेर भाड्याची खोली आहे, आणि एक मुलगी आहे. दुसऱ्यांची मुलं वाढवता वाढवता ती मुलगी हातातून निसटली. या कशानेही स्लिमानी खुनाला माफी देत नाहीत. तिचा पाळणा त्या दाखवतात आणि निवाडा आपल्यावर सोपवतात.

रोझ ग्लास यांच्या ‘सेंट मॉड’मध्ये (२०१९) तर उद्धारच भयंकर होतो. कर्करोगाने खंगलेल्या नर्तकीची सेवा करायला घरी राहणारी मॉड निष्ठेने औषधं देते, आंघोळ घालते, व्यायाम करून घेते. तिला पैसा नको, घर नको, मालकिणीचा आत्मा तारायचा आहे. सेवा करणारीला माणूस न मानता संत मानण्यातला धोका इतक्या जवळून क्वचितच कुणी दाखवला असेल.

आता आजचं पीक. मॅकफॅडन यांची मिली तुरुंगातून सुटलेली, गाडीत झोपणारी. तिला श्रीमंत घरात नोकरी आणि पोटमाळ्यावर खोली मिळते. त्या खोलीची खिडकी उघडत नाही आणि दाराला कडी बाहेरून आहे. ती बाहेरची कडी मला या दशकातल्या या प्रकाराचं चिन्ह वाटते. धोका आता घराकडून आहे, आत येणारीकडून नाही. टोनी बसगॅलप आणि एम. नाइट श्यामलन यांच्या ‘सर्व्हंट’ (२०१९–२०२३) या मालिकेतही आया येण्याआधीच घर मोडलेलं असतं. मेलेल्या बाळाच्या जागी बाहुली ठेवून ते कुटुंब जगत असतं. हा बदल न्याय्य आहे आणि मी त्याचं स्वागत करते.

पण त्यासोबत एक तोटा झाला आहे. धक्क्यांच्या शर्यतीत काम हरवलं. किम, शाब्रोल, स्लिमानी यांच्याकडे भांडी, चिठ्ठी, हाडं, जिना यांतून भीती जन्मते, कारण ते त्या हातांकडे वेळ देऊन पाहतात. आजच्या बहुतेक थरारपटांत घरकाम उरलं आहे ते दोन कलाटण्यांमधली जागा भरण्यापुरतं. खलनायिका मालकीण ठरो की मोलकरीण, दोघींपैकी एकीचाही दिवस आपल्याला कळत नाही. कलाटणी एकदाच चालते. दिवस दाखवला तर चित्रपट पुन्हा पाहता येतो.

आपल्याकडे काय झालं? आपण उद्धाराच्या बाजूने राहिलो. १९६३च्या मराठी ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाई स्वतःच्याच मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राबतात. किम यांच्या मोलकरणीनंतर तीनच वर्षांनी आलेली ही मोलकरीण. नाव तेच, जिवात ठेवलेलं मूल तेच, पण कोरियन बाई विष कालवते आणि मराठी आई अश्रू गिळते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बावर्ची’तला (१९७२) रघू भांडकुदळ घर सांधून निघून जातो. हॅन्सन यांच्या चित्रपटावरून हिंदीत ‘खलनायिका’ (१९९३) आला, पण त्यातून परंपरा तयार झाली नाही. रोहेना गेरा यांच्या ‘सर’मध्ये (२०१८) मुंबईत राहून काम करणारी मराठी विधवा रत्ना माणूस म्हणून समोर आली. तो थरारपट नाही, पण मालकाच्या फ्लॅटमधली तिची ती छोटी खोली कुठल्याही थरारपटाने अभ्यासावी अशी आहे. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली त्यांच्या हक्कांचा करार संमत केला, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ज्या घरात कामाचे तास, झोपायची जागा, सुट्टी यांचं काहीच ठरलेलं नसतं, तिथे थराराची सामग्री आयतीच असते. आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी ती उचललेली नाही.

शेवटी माझ्या घरातली एक रात्र सांगते. आई अंथरुणाला खिळल्यावर ब्यूरोकडून चोवीस तासांची बाई ठेवली. नांदेडकडच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, त्या आईला आज्जी. ‘मावशी घरातल्याच आहेत’ असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि त्यांचा चहाचा कप मात्र वेगळा होता, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. त्या दिवसांत मी या लेखासाठी हे सगळे चित्रपट पाहत होते. एका रात्री बाराच्या पुढे स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली. थरारपटात अशी कुजबुज आली की आपण सावरून बसतो. मीही उठले आणि अनवाणी पायांनी दाराआड उभी राहिले. मावशी दिवा न लावता ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. फोनवर पलीकडे त्यांची मुलगी होती, सकाळी दहावीचा गणिताचा पेपर. ‘पाणी पी थोडं. झालाय अभ्यास तुझा. झोप आता, मी हाये,’ त्या म्हणत होत्या. तासाभरापूर्वी याच आवाजात, याच शब्दांत त्यांनी माझ्या आईला झोपवलं होतं.

मी परत येऊन पडले. मला बराच वेळ झोप लागली नाही. दाराआड चोरपावलांनी उभी राहणारी त्या रात्री मी होते. हे जो पडद्यावर आणील, त्याचा चित्रपट पाहायला मी पहिल्या दिवशी जाईन.