ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामगिरीचे मापन आणि वास्तव कार्यभाराची निवड : एक चिकित्सा

नाशिकमधील द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग व नाशिक–पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. भल्या पहाटे एकटी मोटार हा चौक किती सेकंदांत ओलांडते याची अचूक नोंद करता येईल. परंतु तिच्यावरून सायंकाळच्या कोंडीविषयी काहीही सांगता येणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूल्यमापनात मात्र अशी पहाटेची मोजणी पुरावा म्हणून सर्रास स्वीकारली जाते. वस्तुतः प्रोसेसरचा वेळ, स्मृती, डिस्क व नेटवर्क यांवर अनेकांचा एकाच वेळी हक्क असताना त्यांचे वाटप कसे होते, हीच या प्रणालीची खरी परीक्षा होय.

पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 मध्ये 117.9 टेराफ्लॉप्स वेगासह जागतिक यादीत चौथा आला. हे यश निर्विवाद आहे. तथापि ही क्रमवारी ज्या लिनपॅक चाचणीवर ठरते ती एकघाती समीकरणांची प्रचंड संहती सोडविते. आवश्यक स्मृती एकदा हाती आली की तिचा बहुतांश वेळ निव्वळ आकडेमोडीत जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीमकडे फारसे काही मागितले जात नाही. म्हणून हा आकडा यंत्राची गणनशक्ती सांगतो. प्रणालीचा दर्जा त्यातून वाचणे हा अर्थाचा अतिरेक ठरतो.

अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ‘अ‍ॅस्की क्यू’ या महासंगणकाचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण या दृष्टीने बोलके आहे. ‘सेज’ हा तेथील प्रत्यक्ष वापरातला प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा बराच मंद चालत होता. एकेका प्रोसेसरवर पाहावे तर पार्श्वभूमीतील प्रणाली-कामांमुळे होणारा व्यत्यय जेमतेम एक-दोन टक्के. परंतु हजारो प्रोसेसर प्रत्येक टप्प्यावर परस्परांसाठी थांबत असल्याने कोणा एकाचा विलंब सर्वांचा विलंब होई. ही कामे कमी करून व त्यांची फेरमांडणी करून, नवे यंत्रसाहित्य न जोडता, ‘सेज’चा वेग सुमारे दुप्पट झाला. हा दोष प्रत्यक्ष कार्यभारानेच उघड केला.

यावर आक्षेप असा की, वास्तव कार्यभार अवजड असतो व त्याची तंतोतंत पुनरावृत्ती होत नाही. उलट 1996 मधील ‘एलएमबेंच’सारख्या सूक्ष्म चाचण्या एका सिस्टीम कॉलला लागणारा काळही नेमका सांगतात. आक्षेप अंशतः खरा आहे. मात्र अशा चाचण्या मंदपणाचे कारण शोधण्यास उपयुक्त आहेत, निवड करण्यास नव्हेत. नोंदविलेल्या विनंत्या मूळ वेळेनुसार पुन्हा चालविण्याचा मध्यममार्गही सदोषच : प्रणाली जलद झाली तर वापरकर्ता पुढची विनंती लवकर करील, पण जुनी नोंद मात्र आपल्याच गतीने चालत राहते.

महाविद्यालयीन सर्व्हरची निवड करताना, उदाहरणार्थ, परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवसाचा भार उभारावा : अनेक विद्यार्थी एकाच वेळी छायाचित्रे चढवीत आहेत, डेटाबेसमध्ये नोंदी होत आहेत आणि त्याच वेळी बॅकअपही सुरू आहे. सरासरी काळाबरोबरच सर्वांत शेवटी उत्तर मिळालेल्या एक टक्का विद्यार्थ्यांना किती थांबावे लागले, हेही नोंदवावे; सरासरीत नेमके तेच विद्यार्थी दिसेनासे होतात.