मूर्ती की तबला? जुन्या वूफरच्या दुरुस्तीकडे पाहताना

ओसाकातल्या निप्पोनबाशी भागात, देन-देन टाऊनमध्ये, जुन्या स्पीकरांची जोडी विकायला ठेवलेली असली की तिच्यावर बहुधा एक चिठ्ठी असते: 'एज्जी हारिकाए-झुमी'. म्हणजे वूफरची कडा नव्याने लावली आहे. चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होते. खरे तर प्रश्न तिथून सुरू व्हायला हवेत. कडा कशाची होती, आता कशाची आहे, कोणी आणि कशाच्या आधारावर लावली, यातले काहीच त्या चिठ्ठीत नसते. जुन्या ध्वनियंत्रांची हौस असलेले लोक केबल आणि अॅम्प्लिफायर यांवर तासन्‌तास वाद घालतात. या कडेची चिकित्सा मात्र फारशी होत नाही. ती इथे करू पाहतो.

आधी कडेचे काम काय ते पाहू. वूफरचा कागदी कोन दोन ठिकाणी तोललेला असतो. आत व्हॉइस कॉइलजवळ नागमोडी घड्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. बाहेरच्या बाजूला कोनाला धातूच्या चौकटीशी जोडणारी लवचिक कडा असते. कोन किती सहज हलेल, आणि परिघापर्यंत पोचलेले कंप तिथे जिरतील की उलटून आवाज गढूळ करतील, यात कडेचा मोठा वाटा असतो. कोनाचे वजन आणि या दोन आधारांचा ताठपणा यांवरून वूफरची स्वतःची अनुनाद-वारंवारता ठरते. तिच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि नंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या राशींचे पेटीच्या आकारमानाशी गणित बसवून दिले. कडा बदलली की या गणितातली एक संख्या बदलते, पेटी मात्र जुनीच राहते.

ओसाकात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण हे या धंद्याचे गाव. ओंक्यो ही कंपनी १९४६ मध्ये इथेच स्पीकर बनवण्यासाठी निघाली. शेजारच्या कादोमातल्या मात्सुशिताने १९६५ साली 'टेक्निक्स' हे नाव पहिल्यांदा वापरले तेही एका स्पीकरवरच. आज चित्र वेगळे आहे. जपानी कंपन्या स्टिरिओचे सुटे भाग उत्पादन थांबल्यावर साधारण ८ वर्षे ठेवतात, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मालाचे भाग केव्हाच संपले. मे २०२२ मध्ये ओंक्यो होम एंटरटेनमेंटने ओसाकाच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्याला विचारायचे तो घरमालकच गेला, असे म्हणा. उरले ते दुकानदार, हौशी मंडळी आणि त्यांच्या हातात असलेले गोंदाचे डबे.

दुरुस्तीचा विचार करण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक देवळातली. झिजलेल्या मूर्तीवर वज्रलेप करावा की नाही, यावर पंढरपूर-कोल्हापुरात केवढे वाद झाले ते आपण जाणतो. तिथे मूळ द्रव्याला हात लावणे हीच मोठी गोष्ट असते. दुसरी रीत तबल्याच्या दुकानातली. पुडी फाटली की नवी घालायची, वादी ओढायची, सुरात लावायचे. खोड आजोबांचे आणि पुडी गेल्या महिन्यातली, यात कोणाला विटाळ वाटत नाही. तबलजी विचारतो ते एवढेच, की सूर कुठे लागतो आणि आस किती राहते.

वूफरच्या बाबतीत दोन्ही रीतींचा घोळ होतो. जिथे तबला पाहायला हवा तिथे आपण मूर्ती पाहतो, आणि जिथे मूर्ती जपायला हवी तिथे बेधडक पुडी बदलतो.

फोमच्या कडेपासून सुरुवात करू. जेबीएलच्या १९७६ च्या ४३४३ सारख्या, जपानी हौशी श्रोत्यांनी डोक्यावर घेतलेल्या मॉनिटरांच्या वूफरला पॉलियुरेथेन फोमची कडा होती. हा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होतो. स्पीकर वाजवा की झाकून ठेवा, १०-२० वर्षांत बोट लावताच त्याचा भुगा होतो. ओसाकाचा जून-जुलैचा पावसाळा काय किंवा मुंबईचा काय, त्याला दोन्ही सारखेच बाधतात. ही कडा म्हणजे पुडी आहे. ती मूळची असल्याचा अभिमान धरण्यात अर्थ नाही. नवी घालावी, मात्र त्याच जाडीची, त्याच गोलाईची आणि तितकीच मऊ. फोमच्या जागी जाड रबर लावून 'आता कायमची मिटली चिंता' म्हणणारे तबल्याला ढोलकीचे कातडे घालत असतात. रबर टिकते हे खरे, पण त्याचे वजन आणि ताठपणा वेगळा. जपानी हौशी मंडळींत हरणाच्या मऊ कातड्याची कडाही लोकप्रिय आहे. हाताने केलेल्या त्या कामाची सफाई पाहत राहावी अशी असते, पण प्रत्येक कातडे वेगळे असल्याने जोडीतले दोन वूफर एकसारखे झाले का, हे मोजल्याखेरीज कळत नाही.

कापडी कडेची गोष्ट उलटी आहे. मित्सुबिशीच्या डायाटोन स्पीकरांच्या अनेक मॉडेलांत कापडावर कंप जिरवणारे चिकट द्रव्य लावलेले असे. ते वर्षांनुवर्षांनी कडक होते. कडा दिसायला शाबूत असते, पण कोन अवघडल्यासारखा हलतो आणि खर्ज जातो. यावर इथे प्रचलित असलेला उपाय म्हणजे मोटारीचे ब्रेक ऑइल ब्रशने लावणे. कडा खरोखर मऊ होते, आणि म्हणून हा उपाय तोंडोतोंडी पसरला. पण ऑइल लावले तिथेच थांबत नाही, ते गोंदात आणि कोनाच्या कागदात झिरपू शकते, आणि एकदा गेले की परत काढता येत नाही. वज्रलेपावर घेतला जाणारा आक्षेप हाच असतो. इथे तो घ्यायला हवा, पण कडा मूळचीच राहिली या समाधानात कोणी घेत नाही.

तिसरी गोष्ट कोनाची. अख्खा कोन बदलणे म्हणजे रीकोन. कागदाचा लगदा, त्यावरचा लेप, त्याचा उतार यांतच त्या स्पीकरचा स्वभाव असतो. बाजारातला मिळताजुळता कोन घातला तर चौकट आणि चुंबक जुने, आवाज नवा. गरज पडली तर तेही करावे, पण मग जुन्या नावाने विकू नये.

याला एक रास्त उत्तर आहे. बंद पेटीच्या स्पीकरात, म्हणजे एडगर व्हिल्चर यांच्या १९५४ च्या एआर-१ पासून चालत आलेल्या घराण्यात, मुख्य स्प्रिंग आतल्या हवेची असते. तिथे कडेच्या ताठपणातला थोडा फरक खपून जातो, हवा गळू न देणे जास्त महत्त्वाचे. हे मान्य. पण छिद्राच्या पेटीत छिद्राची लांबी-रुंदी मूळ वूफर धरून ठरवलेली असते, तिथे ही सूट मिळत नाही. आणि विकणाऱ्याच्या चिठ्ठीत पेटी कोणत्या घराण्याची याचा हिशेब नसतो.

मग ओळखावे कसे? आपल्याकडे यासाठी चांगली कसोटी आहे. तंबोऱ्यावर विसंबू नये. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते, पण तिचा मूळ स्वर स्पीकरने गाळला तरी कान वरच्या स्वरांवरून तो भरून काढतो. म्हणून मोबाइलवरही तंबोरा तंबोराच वाटतो. बायाला ही सवलत कमी मिळते. तळहाताच्या दाबाने 'गे'ची मींड वर सरकते तेव्हा वूफरला एकेका वारंवारतेतून सलग जावे लागते. कडा ताठ असेल तर घुमारा मध्येच पोकळ होतो, कॉइल घासत असेल तर कागद फाटल्यासारखी खरखर येते. माझ्या इथल्या घरी एका लहान दुकानातून 'दुरुस्त' म्हणून आलेल्या जोडीत एका वूफरला फोम आणि दुसऱ्याला रबर निघाले. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात गायक मध्यभागी, पण बाया प्रत्येक मींडेला एका बाजूला सरकायचा. चिठ्ठी दोन्ही पेट्यांवर सारखीच होती.

कानाच्या जोडीला माप हवे. एक रेझिस्टर, संगणक आणि फुकट मिळणारी प्रणाली एवढ्यावर वूफरची अनुनाद-वारंवारता घरी मोजता येते. दुरुस्तीआधी आणि नंतर मोजावी, दोन्ही वूफरची जुळते का पाहावे, कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाशी ताडावे. कडा चिकटवताना डस्ट कॅप काढून कॉइलभोवती पातळ पट्ट्या घालून ती मधोमध धरावी. जड कोन वर्षांनुवर्षे उभा राहून खाली ओघळतो, तेव्हा दुरुस्तीच्या वेळी वूफर अर्धा फिरवून बसवावा. आणि काय केले ते तारखेसह लिहून पेटीच्या आत चिकटवावे.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बनवणारे उरले नाहीत, म्हणजे मूळ आवाज कसा होता याचा पुरावा आता दुरुस्त्या करणाऱ्यांच्या हातातून पुढे जाणार. परदेशातून पुण्या-ठाण्याला नेलेल्या आणि आता माळ्यावर पडलेल्या जोड्या अनेक घरांत आहेत. त्या ज्याच्या ताब्यात येतील त्याने कडा जरूर बदलावी, कोन शक्यतो राखावा, ब्रेक ऑइलची बाटली गॅरेजमध्येच ठेवावी, आणि आपण त्या आवाजात नेमके काय बदलले हे पुढच्या माणसाला वाचता येईल असे लिहून ठेवावे.