शत्रू ओळखायची घाई

'सेल्स ॲट वर्क!' या २०१८च्या जपानी ॲनिमेच्या पहिल्याच भागात न्यूमोकॉकस जंतू रस्ते चुकणाऱ्या एका नवख्या लाल पेशीवर चालून येतात. पांढऱ्या गणवेशातली न्यूट्रोफिल पेशी सुरा काढते आणि रक्ताचा सडा पडतो. अकाने शिमिझूच्या मांगावर बेतलेली ही मालिका मी दोनदा पाहिली. बारावीच्या जीवशास्त्रापेक्षा जास्त लक्षात राहिली.

तिची सगळ्यात हुशार कल्पना म्हणजे टोपीतला रिसेप्टर. जंतू जवळ आला की तो टुणकन उभा राहतो. शरीरात काहीसं असंच घडतं. प्रत्येक जंतूचा चेहरा पाठ करणं न्यूट्रोफिलला शक्य नाही. अनेक जंतूंच्या आवरणात सापडणारे, पण आपल्या पेशींत नसलेले ठरावीक रेणू ती ओळखते. चार्ल्स जेनवे यांनी १९८९मध्ये मांडलेला हा विचार इथे एका खटक्यात कळतो.

पण मालिका तिथे थांबत नाही. ती जंतूला खलनायकाचा चेहरा आणि डायलॉग देते. प्रत्यक्षात हाच न्यूमोकॉकस कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकात गपगुमान राहतो. फुप्फुसात किंवा रक्तात शिरला, की घात करतो. म्हणजे तो कोण आहे याइतकंच तो कुठे आहे आणि काय करतोय, हेही महत्त्वाचं. मारामारीच्या नादात हे निसटतं.

गंमत म्हणजे याचं उत्तर मालिकेतच आहे. पाचव्या भागात जपानी सीडरचे परागकण येतात. प्रत्येक पेशी नेमून दिलेलं काम चोख करते, आणि त्यातूनच शरीरात हाहाकार माजतो. कुणीच दुष्ट नाही, तरी नुकसान होतं. मला हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

माझ्या मावशीला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. तिची प्रतिकारयंत्रणा तिच्याच सांध्यांवर उलटली आहे. तरी नातेवाईक तिला 'इम्युनिटी वाढव' म्हणत काढ्यांचे फॉरवर्ड पाठवतात. 'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दातली 'शक्ती' आपल्याला फसवते. शक्ती म्हटली की जास्त तेवढी चांगली. मावशीची औषधं मात्र ती आवरण्यासाठीच आहेत.

मालिका जरूर बघा. फक्त सुरा चालतो तेव्हा टाळ्या वाजवलेल्या आपणच, पाचव्या भागात गप्प का होतो, तेवढं स्वतःला विचारा.